सात नंबरची घंटा

माणसाचे लक्ष वेधून घ्यायचे तर त्याच्या कानाशी काहीतरी आपटले पाहिजे, हे आपल्याकडे फार जुने शहाणपण आहे. देवळात शिरताना घंटा, शाळा सुटताना घंटा, आगगाडी निघताना टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला. आमच्या शाखेत साहेबांनी टेबलावरची घंटी दाबली की शिपाई येवो न येवो, आम्ही कारकून तरी खात्रीने माना खाली घालतो. यंत्रे आली तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. यंत्राला हात नाहीत, मग त्याने माणसाचा खांदा कसा हलवायचा?

हा प्रश्न सर्वांत आधी तारखात्याला पडला. टेलिप्रिंटर हे मोठे कामसू यंत्र. शेकडो मैलांवर कोणी कळा दाबल्या की इकडे आपोआप टंकलेखन सुरू. पण इकडचा माणूस चहाला गेलेला असला तर? म्हणून पाच भोकांच्या तारलिपीत अक्षरे, आकडे यांच्या जोडीला एक घंटाही बसवली गेली. आधी आकड्यांची कळ दाबायची, मग ‘जे’. कागदावर काहीही उमटायचे नाही, पण पलीकडे टण्णकन वाजायचे. वृत्तसंस्थांनी तर तिची भाषाच केली. बातमी जितकी मोठी तितक्या घंटा जास्त. उपसंपादकाने चहा संपवून उठायचे की कप तसाच टाकून पळायचे, हे घंटा मोजून ठरे.

पुढे १९६३ साली अमेरिकेत संगणकांसाठी ‘आस्की’ नावाची अक्षरमाला ठरली. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक मिळाला, आणि घंटेला मिळाला सात. सातवे इंग्रजी अक्षर ‘जी’, म्हणून कंट्रोलची कळ धरून ‘जी’ दाबले की घंटा. (हे मी बोटांवर मोजून पाहिले आहे. कॉमर्सचा माणूस बेरजेवर विश्वास ठेवतो, पण पडताळून.) त्याच वर्षी ‘टेलिटाइप ३३’ हे यंत्र आले. त्याच्या पोटात खरीखुरी धातूची घंटा होती. सात नंबर आला की टोला, मग पलीकडे साहेब असो की झाडूवाला. १९६९ साली युनिक्सचा जन्म झाला तो असल्याच टेलिटाइप यंत्रावर, आणि तोही ‘बेल’ प्रयोगशाळेत. हे बेल म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. घंटेशी त्यांचा संबंध आडनावापुरता. पण असला योगायोग विनोदी लेखकाला फुकट मिळत असेल तर त्याने तो का सोडावा?

मग कागद गेला, पडदा आला आणि धातूची घंटाही गेली. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी आला, त्यात एक चिमुकला स्पीकर होता. सुरू होताना एकदाच ‘पिप्’ केले की समजायचे, प्रकृती ठीक आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले. त्याच्या काळ्या पडद्यावर सात नंबर आला की हाच स्पीकर बोलतो. सेकंदाला ७५० कंपने, सेकंदाचा आठवा हिस्सा. आवाज गोड म्हणता यायचा नाही. पण दाराची कडी वाजवणाऱ्याने मालकंस आळवावा अशी आपली कुठे अपेक्षा असते?

जगाची मात्र ती झाली. पुढे लिनक्सच्या एका लोकप्रिय आवृत्तीने या स्पीकरच्या चालक-प्रणालीला चक्क काळ्या यादीत टाकले. शेजारी शेराही मारला, की हा आवाज कुरूप आहे, मोठा आहे आणि सर्वांच्या डोक्यात जातो. कर्ज बुडवणाऱ्यांवरसुद्धा आम्ही इतके मनापासून शेरे मारत नाही. यापुढे काम गोड आवाजाने व्हावे असे ठरले. २००४ च्या सुमारास निघालेला पल्सऑडिओ आणि त्याच्यामागून आलेला पाइपवायर, या ध्वनिखात्यांकडे ते गेले.

आणि खाते म्हटले की टेबले आलीच. आता सात नंबर येतो तो प्रथम टर्मिनलच्या खिडकीपाशी. तिथे ‘घंटा हवी’ या चौकटीत खूण लागते. तिथून अर्ज पडदा सांभाळणाऱ्याकडे, त्याच्याकडून ध्वनिखात्याकडे. ते खाते कपाटातून घंटेच्या आवाजाची फाइल काढते. मग आवाज किती मोठा ते ठरते, आणि शेवटी तो कोणत्या दाराने बाहेर सोडायचा तेही. पुष्कळदा तो वायरीतून मॉनिटरकडे जातो, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो! शिवाय ध्वनिकार्ड वीज वाचवायला डुलकी घेत असेल तर ते जागे होईपर्यंत एवढीशी घंटा संपूनही जाते. प्रत्येक टेबलाला अर्ज नाकारायचा अधिकार आहे; नाकारल्याचे कळवायची जबाबदारी कोणावरच नाही.

ही सगळी टेबले मी हिंडलो ती आमच्या मजल्यावरच्या काकांपायी. काका तारखात्यातून निवृत्त झालेले, वय चौऱ्याऐंशी. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली त्या दिवशी ते जेवले नव्हते. आता त्यांच्या डोळ्यांची मधली नजर गेली आहे. कडेकडेने दिसते तेवढ्यावर, मोठ्या अक्षरांत, ते तारखात्याच्या आठवणी संगणकावर लिहितात. तेही १९७६ सालच्या ‘व्हीआय’ या संपादकात, नातवाने शिकवला म्हणून. या संपादकाच्या दोन खोल्या आहेत, एक लिहिण्याची आणि एक हुकमाची. हुकमाच्या खोलीत चुकून पत्र लिहायला बसलात तर प्रत्येक अक्षर हा हुकूम ठरतो आणि ओळी पुसल्या जातात. आपण कुठे आहोत हे काकांना दिसत नाही. ते एस्केपची कळ दाबत राहतात. घंटा वाजली की समजायचे, हुकमाच्या खोलीत आलो.

नातवाने लिनक्सची नवी आवृत्ती घातली आणि घंटा मुकी झाली. तीन दिवसांत १९७१ सालचा अर्धा पावसाळा पुसला गेला.

“अरे, गाणी तर वाजतायत,” काका म्हणाले. हीच किल्ली ठरली. गाणे वाजते म्हणजे कार्ड शाबूत, स्पीकर शाबूत. अर्ज मधल्याच कुठल्या टेबलावर अडला आहे. टर्मिनलच्या चौकटीत खूण होती. आवाजाची फाइल हाताने वाजवली, वाजली. मग आवाजाच्या पानावर पाहिले तर ‘प्रणालीचे आवाज’ म्हणून एक वेगळीच पट्टी, आणि ती शून्यावर. ती वर सरकवली, एस्केप दाबली आणि पाण्यात मोती पडावा तसा मंजूळ नाद आला.

काकांनी मान हलवली. “ही घंटा होय? मला वाटलं, शेजारी कोणी चमचा ठेवला.”

मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री दाबून आम्ही मागच्या काळ्या पडद्यावर गेलो. काळ्या यादीतली प्रणाली आपणहून चढत नाही, पण नाव घेऊन बोलावली तर मुकाट येते. ‘मोडप्रोब’ ही आज्ञा देऊन मी तिला हाक मारली. जुन्या डब्याच्या तळाशी तो चिमुकला स्पीकर अजून होता. एस्केप. पीप्! कुरूप, मोठा, सर्वांच्या डोक्यात जाणारा.

“हां,” काका ताठ बसले, “आता कोणीतरी बोलावतंय.”

ती प्रणाली कायमची चढेल अशी एक ओळ मी लिहून ठेवली, आणि काळ्या पडद्यावरची अक्षरे वाढवून दिली. काका आता तिथेच लिहितात. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी घंटेऐवजी पडदा लुकलुकवायची सोय लिनक्समध्ये आहे; ज्याला दिसत नाही त्याला आवाजच हवा. बाकी आपण धडधाकट लोक, आपल्याला घंटेचा त्रास होतो.

आमच्या भिंतीतून अधूनमधून ते पीप् ऐकू येते. बायको म्हणते, डोक्यात जातो हो हा आवाज. मी म्हणतो, जाऊ दे. काका १९७१ च्या पावसाळ्यात परत पोचले आहेत, आणि या खेपेला सप्टेंबरपर्यंत सुखरूप आहेत.