समुद्रसर्प: 'पाहिला' म्हणणाऱ्यांचे दावे कसे तोलायचे?

समुद्रात राहणारे साप खरेच असतात. कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यात ते अनेकदा अडकतात. साधारण मीटर-दीड मीटर लांबी, वल्ह्यासारखी चपटी शेपटी आणि जहाल विष ही त्यांची ओळख. पण जुन्या खलाशांच्या नोंदींत येणारा 'समुद्रसर्प' वेगळा आहे. तो जहाजाशी बरोबरी करेल इतका लांब असतो आणि डोके पाण्यावर काढून पोहतो. अशा प्राण्याचे एकही हाड किंवा कातडे जगातल्या कोणत्याही संग्रहालयात नाही. मग पाहणारे सगळे खोटे बोलले का? अशा वेळी हा प्रश्न सर्वांत आधी सुचतो, आणि बहुतेकदा तोच सर्वांत निरुपयोगी ठरतो.

एक जहाज, दोन जबाब

या विषयातली सर्वांत गाजलेली नोंद ब्रिटिश नौदलाच्या 'डीडलस' या युद्धनौकेची आहे. 6 ऑगस्ट 1848 रोजी पूर्वेकडून इंग्लंडला परतताना, दक्षिण अटलांटिक महासागरात, कॅप्टन पीटर मॅक्वे आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना एक विचित्र प्राणी सुमारे 20 मिनिटे दिसला. मॅक्वे यांनी वरिष्ठांना कळवले की, डोके सापासारखे होते, ते पाण्यावर सुमारे 4 फूट उचललेले होते, शरीराचा निदान 60 फूट भाग पाण्याच्या पातळीवर होता आणि पाठीवर घोड्याच्या आयाळीसारखे काहीतरी होते. पर मात्र नव्हते. साक्षीदार अनुभवी, वेळ दिवसाची, नोंद सरकारी. दाव्याच्या बाजूने याहून काय हवे?

पण त्याच जहाजावरचे लेफ्टनंट एडगर ड्रमंड यांचीही नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्या म्हणण्यानुसार दिसत होते ते फक्त डोके आणि पाठीवरचा पर. डोके लांबट, टोकदार, वरून चपटे, सुमारे 10 फुटांचे. पर त्याच्या साधारण 20 फूट मागे, तोही अधूनमधून दिसणारा. म्हणजे कॅप्टनने परच नसल्याचे लिहिले आणि लेफ्टनंटने पराचे अंतरही दिले! दोघांपैकी कोणी थाप मारत होते असे मानायचे कारण नाही. पाण्यावर तुकडे दिसले आणि मधली जागा मनाने भरली गेली, एवढेच.

शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तेव्हा हा मोठा सील असावा असे सुचवले. मॅक्वे यांनी ते साफ फेटाळले. अलीकडे गॅरी गॅलब्रेथ या जीवशास्त्रज्ञाने 'सेई' देवमाशाचा तर्क मांडला आहे. हा देवमासा पृष्ठभागालगत अन्न गाळत जातो तेव्हा त्याचा लांब चपटा वरचा जबडा पाण्याबाहेर येतो आणि बराच मागे पाठीवरचा पर दिसतो. ड्रमंड यांच्या वर्णनाशी हे चांगलेच जुळते. मला हा खुलासा सर्वांत पटतो, पण तो सिद्ध झालेला नाही, कारण तपासायला हाती काहीच उरलेले नाही.

पाण्यावर लांबी का चुकते?

हे समजायला समुद्रावर जायची गरज नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आसगाव आहे. भातशेतीचा हा भाग समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. बांधीच्या धुऱ्यावर पडलेल्या धामणीची लांबी सांगताना शेजारचे गवत, काठी, स्वतःचे पाऊल यांचा आधार मिळतो. तरीही गावात पोचेपर्यंत ती हातभर वाढते, हा भाग वेगळा. आता वैनगंगेच्या किंवा गोसीखुर्दच्या जलाशयाच्या पसरलेल्या पाण्यावर संध्याकाळी काहीतरी हलताना दिसले, तर शेजारी मोजपट्टी म्हणून काय आहे? काहीच नाही. अशा वेळी अंतराचा अंदाज दुप्पट धरला की लांबीही आपोआप दुप्पट होते. त्यात पाणमांजरे एकामागे एक पोहत असतील, तर बुडणाऱ्या-वर येणाऱ्या पाठींची रांग एकाच लांबलचक सापासारखी भासते. समुद्रावर तर क्षितिजापर्यंत झाडही नसते.

म्हणून सांगणाऱ्याला 'केवढा होता' यापेक्षा 'नेमका कोणता भाग दिसला, किती वेळ दिसला, आणि हे कधी लिहून ठेवले' हे विचारणे जास्त उपयोगाचे. साक्षीदार अनेक असतील तर ते वेगवेगळे बोलले की एकमेकांचे ऐकून, हेही पाहावे.

हाती पुरावा आला तर?

1977 मध्ये 'झुइयो मारू' या जपानी मासेमारी जहाजाच्या जाळ्यात न्यूझीलंडजवळ सुमारे 10 मीटर लांबीचे कुजलेले धूड आले. लांब मान आणि लहान डोके पाहून प्राचीन सागरी सरपटणारा प्राणीच सापडला, अशी चर्चा झाली. दुर्गंधीमुळे खलाशांनी धूड परत समुद्रात टाकले, पण त्याआधी फोटो आणि थोड्या ऊती घेतल्या. त्या ऊतींच्या तपासणीत खूण पटली ती बास्किंग शार्कची. हा मासा कुजताना जबडा आणि कल्ले आधी गळून पडतात. उरते ती 'मान'.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. राक्षसी माखूल अनेक वर्षे खलाशांची गप्प मानली जाई. 1857 मध्ये जपेटस स्टीनस्ट्रप यांनी चोच आणि अवशेषांवरून तिला शास्त्रीय नाव दिले. नामशेष समजला गेलेला सीलाकांथ मासा 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडला. मेगामाउथ शार्क तर 1976 पर्यंत कोणाला ठाऊकच नव्हता. पण या तिघांना मान्यता मिळाली ती प्रत्यक्ष शरीर हाती आले म्हणून, साक्षीदार वाढले म्हणून नव्हे.

आता शरीराशिवायही शोध घेता येतो. प्राणी पाण्यात त्वचेचे, विष्ठेचे कण सोडतात आणि त्यातला डीएनए ओळखता येतो. 2018 मध्ये नील गेमेल यांच्या पथकाने स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातून सुमारे 250 नमुने घेतले. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस लागला नाही. ईल माशांचा डीएनए मात्र जवळपास सगळीकडे मिळाला. त्या ईल किती मोठ्या, हे डीएनए सांगत नाही, आणि गेमेल यांनीही तेवढी शक्यता उघडी ठेवली.