चाकांवरचा पट्टा

आमच्या आबांच्या लढाईत जर्मन क्वचित येई, चिखल मात्र रोजचा. १९४३च्या सप्टेंबरात आठवी इंडियन डिव्हिजन इटलीत टारंटोला उतरली आणि हिवाळ्याच्या तोंडावर सांग्रो नदीपाशी पावसात सापडली. नदीला पूर, पूल वाहून गेलेले, पलीकडे शत्रू. आमचे चुलत आजोबा मराठा पलटणीत होते. त्यांच्या गोष्टींत संगिनी असत, हातबॉम्ब असत, आणि सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधवांचं नाव आलं की ते बसल्या जागी ताठ होत. आबा १९४३मध्येच स्थापन झालेल्या फौजेच्या यंत्रदुरुस्ती खात्यातले, म्हणजे आयईएमईतले. काम रुतलेल्या गाड्या ओढून काढण्याचं. चुलत आजोबा त्यांना 'ग्रीसवाला' म्हणत. आबा हसत आणि स्कॅमेलची गोष्ट काढत.

स्कॅमेल पायोनियर ही इंग्लंडात वॉटफर्डला बनलेली सहा चाकी गाडी. मूळची १९२७ची, रस्ते नसलेल्या मुलखात अवजड सामान ओढण्यासाठी काढलेली. गार्डनरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद १०२ अश्वशक्ती. वेग बेताचा. "चालत गेलो तरी गाठली असती," इति चुलत आजोबा. पण तिच्या मागच्या चार चाकांची मांडणी बघण्यासारखी होती. डाव्या बाजूची दोन चाकं एका आडव्या भुजेच्या दोन टोकांना, उजवीकडची दोन दुसऱ्या भुजेला. भुजा मधल्या आसावर झुलायची. पुढचं चाक धोंड्यावर चढलं की मागचं तेवढंच खाली जाई, आणि चारही चाकं जमिनीला धरून राहत.

तरीही चिखल फार झाला की रबर नुसतं फिरत राही. मग निघायचा पट्टा. लोखंडी पट्ट्यांचे तुकडे कड्यांनी जोडलेली ती लांब माळ गाडीबरोबरच वागवलेली असे. ती चाकांपुढं जमिनीवर पसरायची, गाडी हळूहळू तिच्यावर घ्यायची, मग मोकळं टोक दोन्ही चाकांवरून ओढून आणायचं आणि खीळ ठोकायची. दुसऱ्या बाजूलाही तेच. मागच्या दोन चाकांचा मिळून एक रणगाडा झाला! "आरं, पट्ट्याला येगळं यंत्र न्हाई. टायर फिरतंय, त्याच्या जोरावर पट्टा फिरतोय," आबा बजावत. गोम इथेच होती. रणगाड्याचं दातेरी चाक पट्टा ओढतं. इथे सगळा भरवसा रबराच्या घासण्यावर, म्हणून पट्टा ढिला पडला की टायर आतल्या आत घसरे. पुढची चाकं मोकळीच राहत, त्यामुळे गाडीचं नाक वळवावं तर ती सरळच जाऊ बघे. फार हट्ट केला तर पट्टा निसटे.

ही युक्ती इंग्रजांना त्या युद्धात सुचली नव्हती. १९२०च्या दशकातच त्यांच्या युद्धखात्यानं सहा चाकी लॉऱ्यांवर भर दिला होता, आणि मागच्या जोडचाकांवर साखळीपट्टा चढवण्याची सोय त्यातूनच आली. त्याच काळात फ्रान्समध्ये केग्रेस नावाच्या इंजिनिअरनं सिट्रोएन मोटारींना मागं कायमचा रबरी पट्टा बसवला. त्या गाड्या १९२२च्या डिसेंबरात निघून सहारा ओलांडून टिंबक्टूला पोचल्या. नाव त्यांचं झालं. मला मात्र इंग्रजांचा विचार जास्त व्यवहारी वाटतो: डांबरी रस्त्यावर टायर, चिखलात पट्टा. कायमचा पट्टा सडकेवर झिजत राहतो.

व्यवहारी खरा, पण काढघाल करायची कुणी? चढवण्याची गोष्ट आबा रंगवून सांगत. उतरवण्याची मी विचारून काढून घेतली. खिळीभोवतीचा गाळ वाळला की हातोडा चालवावा लागे, त्या थंडीत बोटं बधिर झालेली. "घालताना समदं सायेब हुबं ऱ्हायचं. काढताना मी आन् माझा हातुडा."

परतल्यावर ते एसटीत फिटर झाले. १९४८च्या जूनमध्ये पुणे–नगर पहिली गाडी धावली, त्यानंतरच्या भरतीतले. आमच्याकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात बस रुतायचीच. एकदा कुणी उतारू म्हणाला, तुमचा तो पट्टा घाला की! आबांनी त्याला मागच्या बाजूला नेलं आणि चाकं दाखवली. दोन टायर होते, पण शेजारी शेजारी, एकाच आसावर. "एकामागं एक दोन चाकं लागत्यात, मालक. हितं पट्टा गुंडाळू कशाला? उतरा समदी, लावा जोर."