उपसरपंच कोण?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार उपाध्यक्षपदाचा सहकारी स्वतः निवडतो. म्हणून त्या नावाविषयी मतदानापूर्वीच तर्क लढविले जातात. २००८ मध्ये ओबामा यांनी बायडेन यांना निवडले. हेमलकसा ज्या भामरागड तालुक्यात आहे, तेथील ग्रामपंचायतींत हे तर्क निकालानंतर रंगतात. २०२२ मध्ये पुन्हा लागू झालेल्या पद्धतीनुसार सरपंच थेट मतदार निवडतात, उपसरपंच मात्र पंचायतीच्या बैठकीत सदस्यांतून निवडला जातो. १९९६ च्या 'पेसा' कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील सरपंचपद अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. उपसरपंचपदाला ते बंधन नाही. सरपंचाच्या गैरहजेरीत कारभार उपसरपंच पाहतो. त्यामुळे राखीव पदाचा अधिकार प्रत्यक्षात कोणाच्या हाती राहणार, हे या दुसऱ्या निवडीवरही ठरते.