नांदगावचे गणेश दैवज्ञ आणि नागावचे केरूनाना

मराठी गणिती म्हटले की रँग्लर परांजपे आठवतात, फार तर ६१७४ वाले कापरेकर. पण आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची दोन गावे मला या बाबतीत जास्त मोलाची वाटतात. दोन्ही गावांतल्या माणसांचे गणित थेट आपल्या घरात आले. डोंगराच्या कुशीतल्या गावातला वारकरी एकादशी आज धरायची की उद्या, हे पंचांगावरून ठरवतो. ते पंचांग कुठल्या गणिताने करायचे यात या दोघांचा हात आहे.

पहिले गाव नांदगाव, काशीदहून मुरुडला जाताना लागते ते. तिथले केशव दैवज्ञ आकाश बघणारे ज्योतिषी. ग्रंथात लिहिलेला ग्रह आकाशात तिथे दिसतो का, हे ते स्वतः ताडून बघत. त्यांचा 'ग्रहकौतुक' १४९६ चा. मुलगा गणेश याने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला आणि कमाल केली. त्यातून त्याने ज्या काढूनच टाकल्या! ज्या म्हणजे शाळेतले साइन. त्यांची कोष्टके आणि लांबलचक आकडेमोड हीच गावच्या जोशाची डोकेदुखी होती. गणेशाने त्याऐवजी साध्या गुणाकार-भागाकाराने जवळपास तेच उत्तर देणाऱ्या रीती दिल्या. दुसरी सोय दिवसांच्या मोजणीची. कलियुगाच्या आरंभापासून मोजायचे तर त्याच्या काळी सुमारे १७ लाख दिवस होत. त्याने ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र धरले. झाले, आकडा कायम चारअंकीच्या आत!

आणि माणूस पंथाभिमानी नव्हता. सूर्य सूर्यसिद्धांताचा घेतला, गुरू आर्यपक्षाचा, आणि शनी आर्यपक्षाचा घेऊन वर ५ अंश मिळवले. का, तर आकाशाशी तसे जुळते म्हणून. हे काम केवळ सोपे करून देण्याचे होते असे कुणाला वाटत असेल तर त्याने १५४५ ची 'लीलावती'वरची 'बुद्धिविलासिनी' टीका बघावी. सूत्र दिले की त्याची उपपत्तीही तो देतो. परीघ-व्यासाचे ३९२७/१२५० हे गुणोत्तर वर्तुळात ३८४ बाजूंची आकृती बसवून कसे येते, तेही सांगतो.

ग्रहलाघव इतका सोपा की पुढची साडेतीनशे वर्षे महाराष्ट्रातली पंचांगे त्यावरच चालली. इथेच घोटाळा झाला. काळाबरोबर फरक साठत जातो, ग्रहणे मागेपुढे होऊ लागतात. पूर्वीच्या आचार्यांनी वेध घेऊन गणित दुरुस्त केले, पुढच्यांनीही ग्रहणे आणि ग्रहांच्या युती बघून तसेच करावे, असे गणेशाने स्वतःच 'बृहत्तिथिचिंतामणी'त लिहून ठेवले होते. त्याचे गणित सगळ्यांनी घेतले, ही सूचना मात्र घेतली नाही. पोथी उघडून उत्तर मिळत असताना रात्री जागून आकाश कोण बघणार?

ते काम करणारा माणूस त्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नागावात जन्मला. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरी, पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक. टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये त्यांनी युरोपीय गणितावरून 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत छापली आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. तिथी आता चंद्राशी जुळू लागली, पण वाद पेटला. जुन्या पंचांगाशी कधीकधी काही तासांचा फरक पडे, म्हणजे व्रताचा दिवसच बदलायचा. बाप-आजा ज्या दिवशी उपास करत आले तो चुकीचा, हे ऐकून घेणे सोपे नसते. शिवाय हे गणित साहेबाचे! माझ्या मते केरूनानांनी गणेशाचीच आज्ञा पाळली होती, पण विरोधक तर ग्रहलाघवाच्याच नावाने भांडत होते.

एक भांडण मात्र मिटले नाही. राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा? केरूनानांनी रेवतीतला झीटा हा तारा धरला, टिळक पंचांगही त्याच वाटेने गेले. बाकीच्यांनी चित्रा पक्ष धरला. दोन्हींत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. त्यामुळे कधीकधी अधिक महिना वेगळा पडतो आणि टिळक पंचांग मानणाऱ्या कोकणातल्या घरांत गणपती महिनाभर आधीच येऊन जातो, शेजाऱ्यांची मूर्ती अजून कारखान्यात रंगायची असते.