मांडीतील नीला : नाव ‘वरवरचे’, धोका खोलवरचा
जांघेच्या मध्यावर बोटांनी दाबल्यास जी नाडी लागते, ती फेमोरल रोहिणीची. पायाला शुद्ध रक्त पुरविणारी ही मुख्य वाहिनी होय. तिच्या बाहेरील बाजूस मज्जातंतू, तर आतील बाजूस अशुद्ध रक्त परत नेणारी फेमोरल नीला असते.

मांडीतील या नीलेला पूर्वी ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’, म्हणजे वरवरची नीला, म्हटले जाई. प्रत्यक्षात ती स्नायूंच्या आड असलेली खोल नीला आहे. तिच्यातील रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात अडकल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. नावामुळे फसून अनेक डॉक्टर रक्त गोठू न देणारी औषधे देत नाहीत, असा इशारा ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९९५ मध्ये देण्यात आला. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केवळ ‘फेमोरल व्हेन’ हे नाव सुचविले.

सोनोग्राफीच्या अहवालात जुने नाव आढळल्यास गुठळी किरकोळ समजू नये. एका पायाला अचानक सूज व वेदना जाणवल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी. सोबत धाप लागल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.