शेतकरी आत्महत्या : कोणता आकडा खरा मानावा?

वऱ्हाडातील शेतकरी आत्महत्यांचे आकडे समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. अमरावती, अकोल्यात ते घरोघरी मोबाइलवर पोहोचतात. मात्र आकडा कोणी मोजला, कोणत्या वर्षाचा व कोणत्या भागाचा, याचा उल्लेख बहुधा नसतो. त्यामुळे त्यांची पारख करताना मोजणीची पद्धत ठाऊक असणे आवश्यक ठरते.

महसूल विभागाची नोंद तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत अमरावतीच्या विभागीय आयुक्तालयात एकत्र होते. सातबारा, थकीत कर्ज, वसुलीचा तगादा आदी बाबी तपासून जिल्हास्तरीय समिती प्रकरण मदतीस 'पात्र' वा 'अपात्र' ठरवते. काही प्रकरणे चौकशीसाठी प्रलंबित राहतात. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयानुसार पात्र कुटुंबास एक लाख रुपयांची मदत ठरली. म्हणजेच 'पात्र' प्रकरणांची संख्या ही एकूण आत्महत्यांची संख्या नव्हे.

दुसरी मोजणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची. ती पोलिसांकडील नोंदींवर आधारित असते आणि मृताच्या व्यवसायानुसार राज्यनिहाय आकडे देते. येथे वर्गवारीकडे लक्ष द्यावे लागते. या विभागाने 2013 मध्ये देशात 11,772 शेतकरी आत्महत्या नोंदवल्या. 2014 मध्ये हा आकडा 5,650 वर आला. प्रत्यक्षात त्या वर्षापासून शेतमजुरांची स्वतंत्र गणना सुरू झाली होती. 6,710 शेतमजूर मिळवले, तर बेरीज 12,360 होते. केवळ पहिले दोन आकडे पाहणाऱ्यास आत्महत्या निम्म्यावर आल्याचा भास होईल.

प्रदेशाची व्याप्तीही तपासावी. अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम हे पाच जिल्हे येतात. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये वर्धा धरून सहा जिल्हे होते, तर संपूर्ण विदर्भात अकरा आहेत. पाच जिल्ह्यांचा आकडा 'विदर्भाचा' म्हणून पुढे गेला की तुलना फसते.

मोजणारी यंत्रणा, कालावधी, प्रदेश आणि 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या, या चार गोष्टी सांगता न येणारा आकडा पुढे पाठवू नये. अधिकृत आकडाही परिपूर्ण नसतो. ज्यांच्या नावे सातबारा नाही, असे ठेक्याने शेती करणारे आणि शेतात राबणाऱ्या स्त्रिया 'शेतकरी' म्हणून नोंदले जातीलच, याची खात्री नसते.