युद्धकाळातील शोध पत्रकारिता आणि शेजारचे चिमूर

शोध पत्रकारिता म्हणजे दाबून ठेवलेली माहिती स्वतः जागेवर जाऊन, लोकांना विचारून, कागद ताडून समोर आणणे. उर्दूत तिला ‘तहकीकाती सहाफत’ म्हणतात. तहकीक म्हणजे खात्री करून घेणे. सरकारी पत्रक जसेच्या तसे छापले तर बातमी होते, तहकीक होत नाही.

युद्ध सुरू झाले की हे काम फार अवघड होते. फौजेच्या हालचाली गुप्त ठेवाव्या लागतात, हे आपण समजू शकतो. पण त्याच पडद्याआड जुलूमही लपवला जातो. आणि सरकार लोकांनी निवडलेलेच नसेल, तर जाब कोण विचारणार? पहिल्या महायुद्धात मौलाना आझादांचे ‘अल-हिलाल’ 1914 मध्ये इंग्रज सरकारच्या प्रेस कायद्यामुळेच बंद पडले होते.

दुसऱ्या महायुद्धातले उदाहरण तर आपल्या शेजारचेच आहे. तेव्हा भंडारा आणि चांदा (आजचे चंद्रपूर) हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. 1939 मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. वृत्तपत्रांवर भारत संरक्षण कायद्याची टांगती तलवार होती.

‘चले जाव’ आंदोलनात 14 ऑगस्ट 1942 रोजी आपल्या तुमसरला गोळीबार झाला. दोनच दिवसांनी, 16 ऑगस्टला, चांदा जिल्ह्यातील चिमूरला मोर्चावर गोळ्या चालल्या. चिडलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले गेले. त्यानंतर गावात फौज आली. पुरुषांची धरपकड झाली आणि सैनिकांनी आपल्यावर अत्याचार केले, असे बायकांनी सांगितले. सरकारने ते नाकारले.

मग तहकीक कोणी केली? नागपूरच्या रमाबाई तांबे आणि इतर काही स्त्रिया चिमूरला गेल्या, बायकांशी बोलल्या. हिंदू महासभेचे डॉ. मुंजे यांनीही पाहणी करून निवेदन काढले. त्यांचे राजकारण वेगळे होते. पण गावात जाऊन पाहिलेले त्यांनीही दडवले नाही.

सेवाग्राम आश्रमाचे प्रा. भन्साळी यांनी चौकशीसाठी 11 नोव्हेंबरला उपोषण सुरू केले. सरकारने उपोषणाची बातमी छापायलाच बंदी घातली. म्हणजे माणूस मरणाच्या दारात, आणि लोकांना त्याचा पत्ता नाही!

इथे वृत्तपत्रांनी एकी दाखवली. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेच्या हाकेवरून 6 जानेवारी 1943 रोजी देशातील अनेक वृत्तपत्रे निघालीच नाहीत. नववर्षाच्या सरकारी किताबांची यादी न छापण्याचेही ठरले होते. मुंबईच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी पुढे याच परिषदेचे अध्यक्ष झाले. अखेर 12 जानेवारीला बंदी उठली आणि भन्साळींचे उपोषण 63व्या दिवशी सुटले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चिमूरच्या बायकांना हवी असलेली स्वतंत्र चौकशी सरकारने मान्य केली नाही. पत्रकारितेने बातमी मोकळी केली, इन्साफ मिळवून दिला नाही. मग उपयोग काय? उपयोग हाच, की त्या बायकांचे म्हणणे नोंदले गेले आणि सरकारचे पत्रक हाच एकमेव पुरावा उरला नाही. आज आपण चिमूरबद्दल बोलू शकतो ते त्यामुळेच.

या कामाची किंमत आजही मोठी आहे. चेचन्यातील युद्धात सामान्य लोकांवर काय गुजरले, हे लिहिणाऱ्या रशियन पत्रकार आन्ना पोलितकोव्स्काया यांची 2006 मध्ये मॉस्कोत हत्या झाली.

मुलांना आम्ही वर्गात शिकवतो की उत्तर कसे आले ते दाखवा. बातमीलाही हाच नियम लावावा. युद्धाची बातमी मोबाईलवर आली की पुढे ढकलण्याआधी विचारा: हे सांगणारा तिथे गेला होता का? कोणाशी बोलला? आणि कोणाचे म्हणणे यात आलेलेच नाही?